फोम लावला तरी पत्र्याखाली पाणी टपकतं: शेडच्या छतासाठी फोम निवडताना आणि बसवताना काय चुकतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. पत्र्याच्या शेडला आतून फोमचे बोर्ड लावले, दोन-चार महिने बरं गेलं, आणि मग एका पहाटे खालच्या सामानावर थेंब दिसले. पाऊस पडलेला नाही. बोर्ड काढले, जास्त जाडीचे लावले, पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

नुसती जाडी वाढवून किंवा महागातला फोम आणून हे पाणी थांबत नाही. खोलीतली दमट हवा ज्या वाटेने थंड पत्र्यापर्यंत पोहोचते, ती वाट बंद केली की थांबतं. म्हणून आधी दुखणं ओळखू, मग फोमकडे वळू.

गळती आहे की दंव?

दोन्हीचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. टपकणाऱ्या भागातला एक बोर्ड उतरवा. पत्र्याची आतली बाजू कोरडी पुसा आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचा 30 × 30 सेंमी तुकडा पत्र्याच्या सपाट भागावर चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बघा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते दंव, म्हणजे पाणी हवेतून आलेलं. प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी साचून पिशवीसारखा फुगवटा आला असेल तर वरून गळती. मध्ये नुसती पातळ वाफ धरलेली दिसली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. अडकलेल्या हवेतली ओल असते ती.

उतरवलेला बोर्ड लगेच बाजूला ठेवू नका, त्याची पाठ उजेडात धरून बघा. पन्हळीचा खालचा भाग जिथे टेकत होता तिथे गंजाच्या तांबूस रेघा असतील तर पाणी बरेच दिवस तिथे थांबतंय. आणि बोर्डाच्या कडेला, जिथे शेजारचा बोर्ड भिडत होता, काळपट धुळीची बारीक रेघ असेल तर कारण तुमच्या हातात आलं. फटीतून हवा सतत जात राहिली की तिच्यातली धूळ कडेला बसते. ती रेघ सगळ्या सांध्यांवर सारखी नसते; जिथे जास्त काळी, तिथे जास्त हवा.

गळती निघाली तर फोमला हात लावायचं कारण नाही. पत्र्याच्या स्क्रूंचे रबरी वॉशर तपासा. जास्त आवळल्यामुळे वॉशर दबून बाहेर पसरलेला असेल किंवा ऊन लागून तडकला असेल, तर तो स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसह बसवा. पत्रे एकमेकांवर चढतात तिथे ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी घाला. वरवर सिलिकॉन फासणं हा एका मोसमाचा उपाय आहे.

दंव पडतंच का

20 अंश तापमानाच्या आणि 70 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण 14.4 अंश असतो. त्याहून थंड कुठल्याही पृष्ठभागाला ही हवा लागली की पाणी सुटतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो, त्यामुळे तो बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. म्हणून बाहेर फार थंडी नसतानाही पत्रा ओला होतो आणि ढगाळ रात्री तीच शेड कोरडी राहते.

आता हिशेब बघा. 20 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे 12 ग्रॅम पाणी असतं. तीच हवा 10 अंशांपर्यंत थंड झाली तर तिला 9.4 ग्रॅमच धरून ठेवता येतं. उरलेलं सुमारे 2.7 ग्रॅम पत्र्यावर जमतं. बोर्डांच्या फटींतून तासाला 10 घनमीटर हवा वर-खाली फिरली, तर आठ तासांच्या रात्रीत 200 ग्रॅमच्या वर पाणी. महिनाभर हे चाललं की फोमच्या वर डबकं होतं आणि ते पुढे कुठल्याही सांध्यातून, भलत्याच जागी टपकतं. वाफ फोमच्या आरपारही जाते, पण फटींतून हवेबरोबर जाणाऱ्या पाण्यापुढे ते प्रमाण किरकोळ असतं. जाडी वाढवून फायदा होत नाही तो याचमुळे. उलट फोम जितका चांगला, तितकी खालची ऊब पत्र्यापर्यंत कमी जाते; पत्रा आणखी थंड होतो आणि राहिलेल्या फटीतून गेलेली हवा जास्त पाणी सोडते.

दुसरं कारण लोखंडाचं. पर्लिनी म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या. बोर्ड दोन पर्लिनींच्या मधे कापून बसवले असतील तर पर्लिन उघडी राहते. पोलाद फोमपेक्षा सुमारे दीड हजार पट सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे पर्लिनीचा खालचा भाग जवळजवळ पत्र्याइतकाच थंड असतो. थेंब ओळीने, ठरावीक अंतरावर, छताच्या लांबीभर पडत असतील तर दोषी पर्लिन आहे. इथे टेप मारून काही होत नाही. फोम पर्लिनींच्या खालून सलग गेला पाहिजे.

आणि तिसरं, पाण्याचा पुरवठा. मातीची जमीन, नुकतंच ओतलेलं काँक्रीट, आत वाळत घातलेले कपडे, जनावरं, गॅसची शेगडी. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. नळी बाहेर न काढलेला गॅस हीटर शेडमध्ये असेल तर छताची कसलीही दुरुस्ती अपुरी पडेल. मातीच्या जमिनीवर 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्यांना एकावर एक 15 सेंमी चढवून, अंथरा, त्यावर फरशी किंवा फळ्या.

कुठला फोम

बाजारात तीन जाती मिळतात आणि तिन्ही कामाच्या आहेत. कुठल्या जागी कुठली टिकेल एवढंच पाहायचं.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस. उष्णतावहन 0.032 ते 0.038 वॉट प्रति मीटर केल्विन (आकडा जितका कमी, तितका फोम उष्णता जास्त अडवतो). सगळ्यात हलका, कापायला सोपा, आणि काळानुसार त्याची क्षमता घटत नाही, कारण त्याच्या पोकळ्यांत साधी हवाच असते. पण दाण्यांच्या मधून पाणी हळूहळू शिरतं. पत्र्याखाली जिथे थेंब पडणारच आहेत तिथे उघडा थर्माकोल लावू नये. दुसरी अडचण उष्णतेची: 75 ते 80 अंशांच्या पुढे तो मऊ पडून आक्रसतो, आणि गडद रंगाचा पत्रा कडक उन्हात तिथपर्यंत पोहोचू शकतो. पत्र्याला चिकटवलेले बोर्ड दोन उन्हाळ्यांत कडांनी वळलेले दिसतात ते यामुळेच.

एक्सपीएस, म्हणजे गुलाबी, निळा किंवा हिरवा गुळगुळीत बोर्ड. 0.029 ते 0.035. बंद पेशींचा असल्याने पाणी फारच कमी पितो, दाबालाही खंबीर. उष्णतेची मर्यादा मात्र थर्माकोलइतकीच. ऊन लागलं की पृष्ठभाग पिवळा पडून पावडर सुटते, म्हणून उघड्यावर साठवू नका.

पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेटचा पिवळसर कडक बोर्ड, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल लावलेला. 0.022 ते 0.026, त्यामुळे कमी जाडीत जास्त काम. 100 अंशांच्या वरही टिकतो आणि फॉइलमधून वाफ जवळजवळ जातच नाही. उणीव दोन: कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर तिथून पाणी शिरतं, आणि आतला वायू हळूहळू निघून गेल्याने सुरुवातीची क्षमता थोडी उतरते. निर्मात्याने छापलेला आकडा जुन्या बोर्डाचा आहे की ताज्या, हे जरूर विचारा.

गोंधळ असेल तर आमचा कौल असा: आधीच उभ्या असलेल्या पन्हळी पत्र्याच्या शेडला, खालून लावायला, फॉइलचा पीआयआर. खर्चामुळे जमत नसेल तर एक्सपीएस. थर्माकोल तेव्हाच, जेव्हा वर पाणी अडवणारा वेगळा पापुद्रा आहे आणि फोम पत्र्यापासून लांब आहे. शेड नव्यानेच बांधायची असेल तर पत्रा आणि फोम वेगवेगळे घेण्यापेक्षा तयार पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल, पाहा. दोन्ही बाजूंना 0.5 मिमी पत्रा असलेल्या 50 मिमी पॅनेलचं वजन चौरस मीटरला सुमारे 10 किलो भरतं. त्याच्या सांध्यांनाही ब्यूटाइल लागतंच.

थर्माकोल घेत असाल तर वजन करून घ्या. 2 मी × 1 मी × 50 मिमी बोर्डाचं घनफळ 0.1 घनमीटर होतं, म्हणजे घनता 20 सांगितली असेल तर बोर्ड 2 किलो भरला पाहिजे. दीड किलो भरला तर घनता 15 आहे, बोलणं काहीही असो. मग कोपऱ्याचा एक तुकडा मोडा आणि मोडलेली बाजू जवळून बघा. दाणे मधून फाटलेले दिसले तर माल एकजीव आहे. दाणे अख्खेच्या अख्खे सुटून बोटांना लागत असतील तर भाजणी कच्ची आहे, आणि असा बोर्ड पाणीही लवकर पितो.

जुना बोर्ड परत वापरायचा असेल तरीही वजनच विचारा. 10 × 10 × 5 सेंमी तुकडा म्हणजे अर्धा लिटर. 20 घनतेचा कोरडा तुकडा 10 ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 30 ग्रॅम दिसले तर त्यात 20 ग्रॅम पाणी आहे. असा बोर्ड आठवडाभर सावलीत, वाऱ्यात उभा करून पुन्हा तोला. वजन उतरलं नाही तर टाकून द्या.

जाडी

जाडी मीटरमध्ये घेऊन उष्णतावहनाच्या आकड्याने भागा, रोध मिळतो. 50 मिमीला थर्माकोल (0.036) 1.39, एक्सपीएस (0.033) 1.52, पीआयआर (0.023) 2.17. नुसतं ऊन अडवायचं असेल तर 1.4 च्या आसपास फरक चांगला जाणवतो. आत हीटर किंवा एसी रोज चालणार असेल तर 2 च्या खाली जाऊ नका. 25 मिमी बोर्ड फक्त पत्र्याच्या उष्णतेचा झोत कमी करतो, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

दुरुस्ती: 6 × 4 मीटरच्या शेडचं उदाहरण

एका बाजूला 15 अंश उतार, पर्लिनी 1 मीटरवर. उताराची लांबी 4.14 मीटर, छताचं क्षेत्र सुमारे 25 चौरस मीटर. 2.4 × 1.2 मीटरचे 10 बोर्ड लागतील (तूट धरून), 75 मिमी रुंद ॲल्युमिनियम टेपचं 50 मीटरचं एक रोल, 25 मिमी जाडीच्या लाकडी रीपा 50 मीटर, 100 मिमीचे स्वतः छिद्र पाडणारे स्क्रू 60, आणि कमी फुगणाऱ्या पीयू फोमचे (फटीत फवारून भरायच्या पॉलियुरेथेन फोमचे) 3-4 डबे.

1. जुने बोर्ड उतरवा. पत्रा आणि पर्लिनी कोरड्या होऊ द्या, गंज घासून प्रायमर लावा. ओल्या छताखाली फोम बंद केला तर ती ओल आतच कोंडली जाते.

2. वळचणीला आणि आढ्याला, फोमच्या वरच्या पोकळीत बाहेरची हवा खेळेल अशी 25 ते 50 मिमीची सलग फट ठेवा. एका बाजूच्या उतारात आढं म्हणजे वरची कड. फटींना 6 मिमीपेक्षा बारीक जाळी बसवा, नाहीतर उंदरांना तयार घर मिळेल. इथेच बरेच जण उलटं करतात: वरच्या फटी बंद करतात आणि खालचे सांधे उघडे सोडतात. वर बाहेरची हवा हवी, खाली खोलीची हवा अडवायची. याला अपवाद एकच, तो पुढे दिला आहे.

3. बोर्ड पर्लिनींच्या खालून आडवे लावा. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, विटांसारखे अर्धे सरकवा. भिंतीपाशी 10 मिमी फट मुद्दाम ठेवा. बोर्ड भिंतीला घट्ट ठोकून बसवला तर उन्हात फुगायला जागा मिळत नाही, 2.4 मीटरचा पॉलिस्टायरिन बोर्ड 40 अंशांच्या फरकात सुमारे 6 मिमी लांबतो.

4. ती 10 मिमी फट आणि पाईप, वायर, टाय यांच्या भोवतीची भोकं पीयू फोमने भरा. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, फट अर्धीच भरा, बाकीची तो फुगून भरेल. 3 मिमीपेक्षा बारीक सांध्याला फोम नको, टेप पुरते.

5. टेप मारण्याआधी फॉइल कोरड्या फडक्याने पुसा. कापताना उडालेली पिवळी भुकटी पृष्ठभागावर राहिली तर टेप महिन्याभरात सुटते. हाताने दाबून भागत नाही. प्लास्टिकचा सपाट तुकडा दाब देऊन टेपभर ओढा, फॉइलवरचे कंगोरे टेपवर उठून दिसेपर्यंत. बोर्ड चढवण्याआधी त्याच्या कापलेल्या कडाही टेपने बंद करून घ्या. कडेला मारलेली टेप नंतर दिसत नाही म्हणून ती टाळली जाते, आणि पाणी तिथूनच आत जातं.

6. रीपा उताराच्या दिशेने, 60 सेंमी अंतरावर, बोर्डांच्या खालून लावा आणि प्रत्येक पर्लिनीशी स्क्रू मारा. 11 रीपा, 5 पर्लिनी, म्हणजे 55 स्क्रू. लांबी अशी येते: 25 रीप, 50 फोम, 2 पर्लिन आणि टोकासाठी 15 मिमी, 100 चा स्क्रू बसतो. स्क्रू बोर्ड दबेपर्यंत आवळू नका. रीप बोर्डाला टेकली की थांबा.

चिकटवून भागेल का, असं विचारलं जातं. छताला, खालून, नुसत्या गोंदावर बोर्ड टांगू नका. पत्रा रोज तापतो आणि थंड होतो, सांधा आज ना उद्या सुटतोच. गोंद लावायचाच असेल तर डब्यावर पॉलिस्टायरिनला चालतो असं लिहिलेलं पाहा. पेट्रोल, टोल्युइन किंवा ॲसिटोन असलेला गोंद थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळवतो. वरून बोर्ड नीट दिसतो, आत खड्डा पडलेला असतो.

एसी असलेली शेड

वर सांगितलेला अपवाद हा. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे 26 अंश. आत 22 अंश ठेवलं तर बाहेरून आत शिरणारी हवा फोमच्या खोलीकडच्या बाजूला पाणी सोडते. इथे वाफ अडवणारी बाजू बाहेरची, म्हणजे वरची. वरच्या फॉइलचे सांधे बंद हवेतच, आणि ते खालून बोर्ड चढवल्यावर करता येत नाहीत. म्हणून अशा शेडला बोर्ड पत्रा काढून पर्लिनींच्या वरून लावणं किंवा पफ पॅनेल घेणं बरं. आतल्या बाजूला आणखी प्लास्टिक लावू नका. दोन बंद थरांमध्ये शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

चकाकीचा गैरसमज

फॉइल पत्र्याला चिकटवली तर ती किरणं परतवत नाही, साधा धातू होऊन बसते. तिच्यासमोर किमान 20 ते 25 मिमी मोकळी हवा असेल तरच उपयोग. धूळ बसल्यावर वर तोंड केलेल्या फॉइलचा गुण कमी होतो, खाली तोंड केलेलीचा टिकतो.

आग आणि वायर

कुठलाही फोम आतून उघडा सोडू नका. थर्माकोल आणि एक्सपीएस वितळून जळते थेंब खाली टाकतात. पीआयआर वितळत नाही, कोळशासारखा होतो, पण त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. ज्वालारोधक लिहिलेलं असलं तरी 12.5 मिमी जिप्सम बोर्डासारखं आवरण हवं, दमट जागेत त्याचा ओल सहन करणारा प्रकार. त्याचं वजन मात्र विसरू नका: चौरस मीटरला सुमारे 9 किलो, 25 चौरस मीटरला 225. पीआयआर स्वतः फक्त 40 किलोच्या आसपास भरतो. पर्लिनी पातळ असतील तर आधी त्यांना मधे आधार द्या. शेडमध्ये वेल्डिंग होत असेल तर आवरण पुरं होईपर्यंत एकही ठिणगी नको.

पीव्हीसीची वायर थर्माकोल किंवा एक्सपीएसला टेकवून नेऊ नका. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य फोममध्ये उतरतं, वायरचं वेष्टण कडक होऊन तडकतं आणि तिथला फोम चिकट होतो. वायर वेगळ्या पाईपातून न्या. फोममध्ये गाडलेल्या वायरची उष्णताही बाहेर पडत नाही, त्यामुळे तिच्यावरचा भार कमी धरावा लागतो.

काम झाल्यावर

जिप्सम चढवण्याआधी, वारा असलेल्या दिवशी, दारं-खिडक्या बंद करून पेटलेली उदबत्ती सांध्यांपासून हातभर खाली धरून फिरवा. धूर जिथे वर ओढला जातो तिथे फट आहे. उदबत्ती बोर्डाजवळ नेऊ नका, आणि थर्माकोल-एक्सपीएसच्या छताखाली तिच्याऐवजी टिश्यू पेपरची पातळ पट्टी वापरा; ती हलली की कळतं. सगळ्यात जास्त फटी भिंत आणि छत भिडतात त्या कोपऱ्यात सापडतात, बोर्डांच्या सांध्यांत कमी.

मग पहिल्या निरभ्र थंड रात्रीनंतर वरच्या जाळीतून टॉर्च मारून फोमच्या पाठीकडे बघा. पत्र्याखाली थोडे थेंब दिसले तर घाबरू नका, ते बाहेरच्याच हवेचे असतात आणि ऊन चढल्यावर उडतात. दुपारपर्यंत फॉइलवर पाणी तसंच राहिलं, तर वळचणीची फट कुठेतरी बुजली आहे. बहुधा पीयू फोम फुगून जाळीपर्यंत आलेला सापडेल. तो धारदार सुरीने कापून काढा.